चकवाऱ्याचे तूप आणि ऑलिव्हचा सल्ला

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मोफत आरोग्य तपासणी शिबिर झाले. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सगळे फुकट. त्यामुळे आयाबाया सकाळी सातपासून रांगेत उभ्या होत्या. त्यांत रस्ते झाडण्याच्या कंत्राटी कामावर जाणाऱ्या आमच्या एक मावशीही होत्या. त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. शिबिराला आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या हातात एक छापील कागद ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला. कागदावर लिहिले होते : स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल वापरा, आहारात अक्रोड, अ‍ॅव्होकॅडो, सॅल्मन मासा घ्या, तूप, मांस आणि तळलेले पदार्थ बंद.

मावशींनी कागद आम्हाला वाचायला दिला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "बाळा, हे ऑलिव्ह रेशनवर मिळतं का रे?"

आमच्यातले दोघे-तिघे हसले. पण हसू लगेच ओसरले. त्या दिवशी त्या विहारात विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता, हे आमच्या ध्यानात आले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचा विरोध ऑलिव्ह तेलाला नाही आणि विज्ञानाला तर नाहीच. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवून घेणाऱ्याने विज्ञानाकडे पाठ फिरवायची नसते. शरीराला स्निग्ध पदार्थ लागतातच. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिने ४ किलोकॅलरी देतात, तर एक ग्रॅम तेल ९. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धातच विरघळतात. पालेभाजी नुसती उकडून खाल्ली तर तिच्यातल्या कॅरोटीनचा बराचसा भाग अंगी न लागताच निघून जातो. काही मेदाम्ले तर शरीराला स्वतः तयारच करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तूप, पाम तेल, चरबी यांतले संपृक्त मेद कमी करून त्यांच्या जागी शेंगदाणा, तीळ, करडई, ऑलिव्ह अशा तेलांतले असंपृक्त मेद घेतले तर हृदयाला फायदा होतो, हेही आता पक्के झाले आहे. म्हणजे त्या बाईंच्या कागदावरचे शास्त्र चुकीचे नव्हते. चुकीचे होते ते एवढेच, की तो कागद मावशींसाठी लिहिलेलाच नव्हता.

तेल-तूप हा आमच्यासाठी कधीच केवळ तब्येतीचा विषय नव्हता. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे बाबासाहेबांचे १९३६ सालचे भाषण ज्यांनी वाचले आहे, त्यांना चकवारा आठवत असेल. जयपूर संस्थानातले हे गाव. तिथल्या एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्या जातभाईंना जेवण दिले. चांगले जेवण द्यायचे म्हणून त्याने तूप वाढले. पंगत बसलेली असतानाच गावातले शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. पाहुणे ताटे टाकून जीव वाचवत पळाले. गुन्हा काय? अस्पृश्याने तूप वाढले आणि अस्पृश्यांनी ते खाल्ले. पैसे त्याचे स्वतःचे होते आणि तूप विकत आणलेले होते. तरीही ते त्याच्या ताटात शोभत नव्हते, कारण तूप हे प्रतिष्ठेचे लक्षण आणि प्रतिष्ठा ही जातीची मालमत्ता.

हे भाषण प्रसिद्ध होऊन नव्वद वर्षे होत आली. आज आमच्या ताटातल्या तुपावर कुणी उघडपणे लाठी उगारत नाही. पण कुणाच्या ताटात कोणता स्निग्ध पदार्थ असावा, कोणता शुद्ध आणि कोणता घाणेरडा, हे ठरवण्याचा अधिकार अजून त्याच हातांत आहे. लाठीची जागा आता 'सात्त्विक आहार' या गोड शब्दाने घेतली आहे.

या सात्त्विकाचे मूळही तपासून घ्या. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात सात्त्विक आहार कोणता? तर रसाळ आणि स्निग्ध. म्हणजे तेला-तुपाचा. तामस कोणता? शिळा, नासलेला, उष्टा. आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. तिथे शूद्र सेवकाला काय द्यावे म्हणून सांगितले आहे? उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे. एका ग्रंथाने आमच्या हातात उष्टे दिले आणि दुसऱ्याने उष्टे खाणारा तामसी म्हणून आमच्यावर शिक्का मारला. तूप स्वतःकडे ठेवायचे, उष्टे आम्हाला द्यायचे आणि नंतर आमच्याच स्वभावात दोष काढायचा, असा हा सरळ व्यवहार आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यात ताटातली ही विषमताही जळायला हवी होती. ती जळली नाही. ती वेश बदलून आता आहाराच्या व्हिडिओंमध्ये येऊन बसली आहे.

आता ऑलिव्हकडे येऊ. ऑलिव्ह तेलाचा आज जो महिमा गायला जातो, त्याची सुरुवात झाली ती गरिबांच्या ताटातून. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनने ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या राहणीमानाची पाहणी केली. तिथले शेतकरी भाकरी-पाव, कडधान्ये, रानभाज्या आणि भरपूर ऑलिव्ह तेल यांवर जगत होते. हा आहार पुरेसा वाटतो का, असे विचारल्यावर बहुसंख्य कुटुंबांनी 'नाही' म्हटले. त्यांना सर्वांत जास्त हवे होते ते मांस. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि क्रीटमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू फार कमी असल्याचे दिसले. तिथून 'भूमध्य सागरी आहार' जगभर गाजला. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

यातला धडा नीट पाहा. ज्या माणसांचे पोट त्या जेवणाने भरत नव्हते, त्यांचेच जेवण पुढे जगाने आरोग्याचा मंत्र म्हणून उचलले. त्यांनी डोंगरउतारावर दिवसभर गाळलेला घाम मात्र बाटलीत भरता आला नाही. तेल तेवढे बाटलीत आले आणि आपल्या शहरांतल्या मॉलमध्ये पोहोचले.

गरिबाचे अन्न गरिबाकडे असते तेव्हा ते दारिद्र्य असते, आणि अभिजनांच्या टेबलावर गेले की वारसा होतो. ज्वारी-बाजरीचे आपल्या डोळ्यांदेखत हेच झाले. काल जी भाकरी 'गावंढळ' होती, ती आज 'मिलेट' आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, ती याचसाठी महत्त्वाची. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आमची चूलच नव्हती. चान्या नव्हत्या, वजडी नव्हती, चरबीवर परतलेले कालवण नव्हते. ज्यांच्या ताटाची नोंदच नाही, त्यांना सल्ला तरी त्यांच्या ताटाचा कसा मिळणार?

ऑलिव्ह तेलाच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणून स्पेनमधला 'प्रेडिमेड' हा प्रयोग सांगितला जातो. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० माणसांवर तो झाला. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पुढे माणसांच्या गटवाटणीतल्या काही चुका सापडल्या, म्हणून २०१८ मध्ये तो लेख मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष साधारण तोच राहिला : भूमध्य सागरी आहाराबरोबर उत्तम ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा खाणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी. आहारतज्ज्ञ इथपर्यंत सांगतात आणि थांबतात.

त्यापुढचे आम्ही सांगतो. त्या प्रयोगात एका गटाच्या प्रत्येक घराला आठवड्याला सुमारे एक लिटर ऑलिव्ह तेल फुकट दिले होते. दुसऱ्या गटाला अक्रोड-बदाम-हेझलनट फुकट दिले होते. आणि तिसऱ्या गटाला? त्याला कमी स्निग्ध खाण्याचा सल्ला होता, खाण्याची वस्तू मात्र एकही दिली नव्हती. ज्यांच्या स्वयंपाकघरात चांगले तेल आणि सुकामेवा प्रत्यक्ष पोहोचला, त्यांना फायदा झाला.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी देहरादूनच्या क्रीडास्पर्धेत आणि नंतर रेडिओवरून सांगितले की लठ्ठपणा वाढतो आहे, प्रत्येकाने खाण्याचे तेल १० टक्के कमी करा. प्रत्येकाने! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या २,००० किलोकॅलरीच्या ताटात २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. आता आमच्या मावशींच्या घरचा हिशेब करू. माणसे पाच, महिन्याला तेल तीन लिटर. म्हणजे माणशी दिवसाला २० मिलिलिटर, वजनात १८ ग्रॅमच्या आसपास. यातून १० टक्के कमी करायचे? ज्याच्या ताटात ६० ग्रॅम आहे, त्याला जरूर सांगा. पण जास्त खाणारा आणि कमी खाणारा या दोघांना एकच उपदेश करणे म्हणजे समता नव्हे. ती विषमतेवर घातलेली चादर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, २०१९-२१ चे, महाराष्ट्राचे आकडे पाहा. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली. २५ टक्क्यांहून अधिक उंचीच्या मानाने कृश. १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. या मुलांना तेल कमी करा म्हणून कोण सांगणार?

मावशींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : ऑलिव्ह सोडा, अन्न सुरक्षा कायद्याने रेशनवर धान्याचीच हमी दिली, तेलाची दिलीच नाही. २०१३ च्या त्या कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य दिले. फोडणी ज्याची त्याने बघावी. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीपासून 'आनंदाचा शिधा' सणासुदीला सुरू झाला. १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर तेल. २०२३ मध्ये तो गुढीपाडव्याबरोबर बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्तही दिला. तेल कोणते? पाम तेल, म्हणजे ज्यातला जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो ते. एकीकडे सरकारी आरोग्य सल्ला सांगतो संपृक्त मेद टाळा, दुसरीकडे सरकारी पिशवीतून जयंतीला पाम तेल आले. दोन्ही कागदांवर मुद्रा एकच!

खाण्यायोग्य तेलाच्या देशातल्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त आपण आयात करतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पाम तेलाचा. तेलबियांत स्वयंपूर्ण व्हायचे म्हणून १९८६ मध्ये तंत्रज्ञान अभियान सुरू केले होते. २०२१ मध्ये ११,०४० कोटींचे नवे अभियान आले, तेही पाम लागवडीसाठीच. मराठवाड्यात रब्बीच्या ज्वारीत करडईचे पाटे असायचे. सोलापूर-लातूरच्या घरांत करडईचे तेल होते, विदर्भात जवस होता, सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांवर खुरासणी होती. आज सोयाबीन आणि बाहेरून आलेल्या पिशव्यांनी ते सगळे कोपऱ्यात ढकलले. गावचा घाणा बंद पडला, तेल गाळणारी जात देशोधडीला लागली. आणि आता तेच 'लाकडी घाण्याचे तेल' शहरातल्या चकचकीत दुकानात दुप्पट-तिप्पट भावाने विकले जाते. विकणारा मात्र बहुतेक वेळा तेली नसतो.

ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल सुमारे ७० टक्के असते, त्याची ही कीर्ती. पण आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही निम्म्याच्या आसपास ओलिक आम्लच असते. तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ प्रकारचे मेद. समुद्रातल्या सॅल्मनची गोष्ट सांगणाऱ्यांना कोकणातली तारली आणि बांगडा दिसत नाहीत, ज्यांत तेच ओमेगा-३ आहे आणि किंमत सॅल्मनच्या पासंगालाही येत नाही. म्हणजे जवसाची चटणी, तिळाचे कूट, कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा बांगडा हा आपला 'निरोगी मेद'. तो कागदावर का नव्हता? कारण कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मावशींचे स्वयंपाकघर नव्हते.

अंड्याचेच पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि त्यात विरघळलेली जीवनसत्त्वे. वाढत्या मुलासाठी याहून स्वस्त आणि पूर्ण अन्न शोधून सापडणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्याला केळे किंवा फळ, म्हणजे कुणावर सक्ती नाही. तरीही धर्माच्या नावाने ओरड झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधीच बंद केला. द्यायचे असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे म्हणे. मूठभरांच्या सोवळ्याची किंमत सरकारी शाळेतल्या पोरांनी मोजायची. ती पोरे कुणाची आहेत हे आम्ही वेगळे सांगायला नको.

गोमांसाचेही तेच. १९७६ चा कायदा गाईपुरता होता. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, पाच वर्षांपर्यंत कैद आली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की बैलाच्या चरबीत संपृक्त मेद भरपूर असतो आणि तो रोज खाणे हृदयाला बरे नाही. पण तो कायदा कुणाच्या हृदयाच्या काळजीने केलेला नव्हता. हृदयाची काळजी असती तर आधी तुपाच्या महाप्रसादावर आणि मिठाईच्या दुकानावर नियम आले असते. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला आहे. ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही जुनीच खोड आहे.

हे सगळे सांगून आम्ही बाजूला होऊ शकलो असतो. पण चळवळीतल्या माणसाने दुसऱ्यावर बोट दाखवताना स्वतःचा डबाही उघडावा. बाबासाहेबांनी महाडला १९२७ मध्ये आपल्या माणसांना मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. 'परंपरेने खातो' हे कारण त्यांनी चालू दिले नाही. मग आम्ही तरी 'हा आमचा वारसा' म्हणत सगळ्याच सवयींना कवटाळून कसे बसणार?

आपल्या वस्त्यांत चाळिशीतली माणसे हृदयविकाराने जाऊ लागली आहेत, हे आपण सगळे बघतो. मोर्चावरून परतताना आपले कार्यकर्ते दिवसभर काळ्या पडलेल्या तेलातले वडे खाऊन वेळ मारून नेतात. लग्नात वनस्पती तूप अजून येते. सरकारने २०२२ पासून तेलातुपातल्या ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा घातली खरी, पण गाडीवरच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा उकळते, ती मोजायला कुणी येत नाही. आणि घरात? बापाला आणि मुलग्याला तेलाची तर्री, बाईला तळाशी उरलेले पाणी, हा प्रकार आमच्याही घरांत आहे. चकवाऱ्याच्या लाठीवाल्यांना शिव्या घालणाऱ्याने आपल्या घरात तेल कुणाच्या ताटात शेवटी पडते हे पाहिले नाही, तर तो आंबेडकरवादी कसला?

नव्याने नोकरीला लागलेल्या आमच्या मित्रांनाही एक सांगणे आहे. परवडते म्हणून ऑलिव्ह तेलाची बाटली घरात आणलीत तर जरूर आणा. कोशिंबिरीवर घाला, चव चांगली असते. चकवाऱ्याचा तो माणूसही आपल्या पैशाने हवे ते खाण्याचा हक्कच बजावत होता. पण ती बाटली ओट्यावर ठेवून गावाकडच्या आईच्या जवसाच्या चटणीला नाक मुरडू नका. बाटली बदलली म्हणून जात बदलत नाही. आणि चटणी सोडली म्हणून हृदय सुधारत नाही.

मग करायचे काय? सरकारकडे आमच्या मागण्या तीन. रेशनवर दर महिन्याला तेल, आणि तेही पाम नव्हे तर शेंगदाणा, करडई, तीळ यांचे; त्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याकडून तेलबियांची हमीभावाने खरेदी. शालेय पोषण आहारात अंडे परत, सरकारी निधीतून. आणि कुणाच्या ताटात काय आहे याची झडती कायमची बंद. आपल्या बाजूने करायचे तेही तीनच. वस्तीतल्या महिला मंडळांनी एकत्र येऊन घाण्याचे तेल ठोक भावात घ्यावे. जयंतीच्या भोजनदानात वनस्पती आणि जुने तेल वापरायचे नाही असा नियम करावा. आणि पुढच्या शिबिरात छापील कागद वाटण्याआधी आहारतज्ज्ञाला वस्तीतल्या चार चुली दाखवाव्यात.

त्या मावशींना आम्ही दुसरा कागद लिहून दिला. शेंगदाण्याचे तेल, आहे तेवढेच, पण पुन्हा न तापवलेले. रोज दोन चमचे जवसाची चटणी. महिन्यातले दोन मटणाचे वार कमी करून बांगडा. गोळी डॉक्टरांनी दिलेली, ती चुकवायची नाही. मावशींनी कागद घडी घालून पदराला बांधला. मग म्हणाल्या, "हे जमंल. पण रेशनच्या तेलाचं काय ते तुम्ही बघा."

ते बघण्याचे काम आता आपले आहे.

जय भीम! जय संविधान!